नर्मदा आली का?

घर घ्यायचं तर नदीपासून लांब,
एवढीच अट मी कैलास सिलावटला घातली होती.
तो हसला. म्हणाला, मॅडम, इंदुरात नदी शोधून दाखवा,
जी आहे तिला आम्ही नाला म्हणतो.

मिरजेच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं
लोकांचं रक्त काचेवर पसरून जे शिल्लक राहिलं
ते नेऊन ठेवलं निपानियात, तिसऱ्या मजल्यावर.
फ्लॅट तीनशे चार. बाल्कनी पूर्वेला, म्हणे.
म्हणे, कारण मी गेले एकदाच, नोंदणीच्या दिवशी,
आभाळ भरलेलं होतं,
जिन्याखाली मजुरांचा भात शिजत होता,
आणि पूर्व कुठली ते विचारायचं राहिलं.

भाडेकरू मंडलोई. खरगोनकडचे.
अकरा महिन्यांचा करार, मग पुन्हा अकरा.
पाच तारखेला त्यांचे साडेनऊ हजार येतात.
सात तारखेला त्यातले सात जातात
काणेसाहेबांच्या खात्यावर,
ते मस्कतला असतात,
सांगलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी राहते.
म्हणजे महिन्यातले दोन दिवस
मी घरमालकीण असते.

पहिला फोन आला तो मार्चमध्ये.
मॅडम, नर्मदा नहीं आ रही.
मला वाटलं, कुणी पाहुणी यायची होती.
मग कळलं, तिकडे नळालाच नर्मदा म्हणतात,
दिवसाआड येते, कधी तीही नाही,
आणि भाडेकरू घर बघायला आला
की आधी तिचीच चौकशी करतो, नंतर खिडक्यांची.
मी टँकरचे पैसे पाठवले.
पाण्याला भिऊन आठशे किलोमीटर गेले होते,
तिथे पाण्याचेच पैसे.

मग पावसाळ्यात फोटो यायला लागले.
बेडरूमच्या भिंतीला ओल.
मंडलोईबाई मोठ्या नेटक्या,
ओलीच्या कडेकडेनं पेन्सिलीची रेघ,
रेघेवर तारीख. आठवड्यानं दुसरी रेघ,
दुसरी तारीख.
तक्रारीचा एक शब्द नाही.
एका फोटोत कोपऱ्यात एक लहान पाय आला होता,
एकाच पायात मोजा.

मी चष्मा लावून बघत बसले.
माझ्या पाठीमागच्या भिंतीवरही रेघा आहेत,
ऑइलपेंटच्या, मीच ओढलेल्या.
दोन हजार पाच. कमरेएवढी.
एकोणीसची माझ्या कपाळाच्या वर,
स्टुलावर चढून ओढावी लागली.
एकवीसची दोन्हींच्या मधे, जरा तिरकी,
तोवर कंटाळा आला होता.

एकोणीसला मीही फोटो पाठवले होते मस्कतला.
फुगलेलं दार, चिखलातलं शिलाई मशीन.
साहेबांचं उत्तर आलं
एक अंगठा.
वर केलेला.
चार दिवस मी त्या अंगठ्याला शिव्या घातल्या.

आता माझाच अंगठा
मंडलोईबाईंच्या फोटोखाली थांबलाय.
सोसायटीला सांगते, लिहिलं. खोडलं.
कैलासभियाला पाठवते. खोडलं.
वॉटरप्रूफिंगचा आकडा सत्तावीस हजार,
म्हणजे तीन महिने मी मालकीणही नाही.

शेवटी फोन लावला.
बोलायला काही नव्हतं म्हणून विचारलं,
नर्मदा आली का?

थांबा, म्हणाल्या, आत्ताच वेळ आहे.
मोबाइल नळाशी धरला असावा.
आधी नुसती हवा,
म्हाताऱ्या माणसानं घसा खाकरावा तशी.
मग काही नाही.
मग बादलीच्या तळाला पहिला आवाज,
पत्र्याचा, आणि पोराची आरोळी.

मी इकडे कानाला फोन लावून उभी.
गल्लीतून कुणी ओरडत गेलं,
आयर्विनला अठ्ठावीस फूट.
तिकडे बादली भरत होती.
दोघींपैकी कुणीच ठेवला नाही फोन.