एकच कार्ड

पुंता अरेनासच्या दवाखान्यात
वजनकाटा दाराशीच.
नेलिदा ओयार्सून बूट काढते, कोट काढते,
केसातली पिनसुद्धा.
आकडा हलत नाही.

पूर्वी खोल्या दोन होत्या:
एकीत पावाचा हिशेब, दुसरीत रडण्याचा.
दोन्हीकडे ती अर्धीच जायची.

आज नर्स एकाच कार्डावर लिहिते:
रात्री तीनला उभ्यानं खाल्लेला पाव,
आणि तीनला जाग का येते, तेही.

"किती दिवस काहीच करावंसं वाटलं नाही?"
"वारा पडलेले दिवस धरायचे का?"
नर्स हसते. नेलिदाही, जरा उशिरानं.

बाहेर वारा सुटलाय.
माणसांना धरायला चौकात दोर बांधलेत.
एक शाळकरी पोरगं
न विचारता तिच्या आडोशाला येतं.
ती हलत नाही.