दु पहिला

पर्वती इंडस्ट्रियल इस्टेटच्या एका शेडमध्ये
आमची कंपनी पुन्हा उभी केलीय, प्लायवूडची.
काचेपलीकडे माइक, भिंतींना गोणपाट,
'शांतता' लिहिलेला लाल दिवासुद्धा लागतो.
आमचा कधी लागायचा नाही.
मी दिवसाचे बाराशे घेतो
हिरोला टेप कापायला शिकवायचे.

ब्लेड तिरकं धर, म्हणतो, मग जोड ऐकू येत नाही.
तो विचारतो, तावरेकाका, एवढं कापायचात काय?
श्वास.
इंदुमतीबाई ओळीआधी मोठ्ठा श्वास घ्यायच्या,
हडपसरहून दोन बस बदलून आलेल्या बाईचा श्वास,
आणि केळुसकर साहेबांना तो खपायचा नाही.
"आपण गाणं विकतो, दमा नाही."

सिनेमात ती करार फाडते.
तुकडे उडावेत म्हणून मोठा पंखा आणलाय,
सकाळपासून चारदा फाडून झाला, झेरॉक्स आहेत भरपूर.
खऱ्या बाईंनी एवढंच विचारलं होतं,
सही तिकिटावर करू की खाली?
साडेतीनशे रुपये, एकरकमी, कायमचे.
साक्षीदार म्हणून माझी सही आहे.
मग बशीत ओतून चहा प्यायल्या
आणि शेवटची बस गाठायला निघून गेल्या.

ती कॅसेट किती वर्षं वाजली
रिक्षांत, मांडवांत, साड्यांच्या दुकानांत.
पैशांबद्दल बाई कधी बोलल्या नाहीत. तक्रार एकच:
कव्हरवर नाव चुकलंय हो भाऊ,
दु पहिला.
वीस हजार कव्हरं छापून झाली होती.
पुढच्या वेळी बघू, साहेब म्हणाले.
पुढच्या वेळीही दुसराच.

आता त्यांचा आवाज सिनेमाला परवडला नाही.
कंपनी तीनदा विकली गेली, हक्क कुठल्यातरी
बाराव्या मजल्यावर आहेत, तिथला दर वेगळा.
बाणेरच्या एका मुलीनं गायलंय. चांगलं गायलंय.
तिला श्वास लागतच नाही.

माझ्याकडे बिस्किटांचा एक डबा आहे.
बोट-दीड बोट लांबीचे तपकिरी तुकडे,
तेव्हा फेकले नाहीत. का, ते मला विचारू नका.
कुठल्याच करारात त्यांचा उल्लेख नव्हता.
काल रात्रभर बसून एकामागे एक जोडले,
तिरके छेद, हात थोडा कापत होता.

युनिट जेवायला गेल्यावर मशीनवर चढवले.
मशीन शोभेचं, मोटर मेलेली.
साउंडच्या पोरानं हेडला वायर लावून दिली
आणि मी बोटानं रीळ फिरवलं.
हळू फिरलं की म्हैस धापते तसं,
जोरात फिरलं की शिंक दाबणारी पोर,
मग हात बसला.
आत. आत. आत.
गाणं नाही, ओळ नाही, सोडलेला एकही नाही,
नुसती सुरू करायच्या आधीची बाई.

पोरगा कानावरचं काढेना.
त्याचा डबा तसाच उघडा, मटकीवर माशी.
काका, फाइलला नाव काय देऊ?
सांगितलं.
त्यानं टाइप करून स्क्रीन माझ्याकडे वळवली.
चष्मा पुसला, वाचलं.
दु पहिला, म्हटलं.