लारासनं मागितलं ते

दिएंगच्या पठारावर देव आधी आले की बटाटे,
हे विचारू नये. नांगराला दोन्ही लागतात.

कार्तोरेजो आजोबांच्या नांगराला लागला
एक चौकोनी दगड : कडेला अर्धं कमळ, एका अंगाला खाच.
त्यांनी तो खांद्यावर आणला
आणि न्हाणीच्या दाराशी पायरी म्हणून बसवला.
चोरी हा शब्द तेव्हा डोंगर चढून आला नव्हता.
तीन पिढ्यांच्या टाचांनी कमळ पुसट केलं.

इथल्या देवळांना नावं पांडवांची.
बांधणाऱ्यांनी ती ठेवली नाहीत, म्हणतात.
रात्रभर सावल्यांचा खेळ बघून घरी निघालेल्या कुणीतरी
धुक्यात उभ्या दगडांना हाक मारली : भीमा!
आणि ओ आली असावी.
आम्ही पाच वेळा नमाज पढतो. पण भीम आमचाच,
टेकडीवर एकटा,
भांडून वेगळ्या राहिलेल्या चुलत्यासारखा.

माझ्या लारासला तिसऱ्या वर्षी ताप भरला. सात रात्री.
आठव्या सकाळी केसांच्या जटा.
तेल चोपडलं, फणी मोडली.
शेजारच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, अरे, हा तर हरणतोंड्या राजा!
राणीनं त्याला विहीर खणायला लावली
आणि वरून माती लोटली.
श्वास संपता संपता तो म्हणाला,
तुझ्या लेकरांच्या डोक्यावर उगवेन.
उगवला.
माझ्याच घरात का, ते नाही सांगितलं.

जट कापायची तर पोर मागेल ते द्यायचं,
नाहीतर ती पुन्हा धरते.
मेहुण्याच्या मुलीनं बकरी मागितली होती,
खालच्या आळीतल्या एकानं दोन उकडलेली अंडी.
मी सायकलपुरते पैसे साठवून होतो.
लारास म्हणाली, पायरी परत ठेवून या.
कुठं?
तिच्या घरी.

बायको हसली. मग हसायची थांबली.

त्या पहाटे विषारी दव पडलं होतं,
बटाट्याचा पाला रात्रीत काळा.
शेतात बघवेना म्हणून असेल,
मी आणि भाऊ परियोनो पहार घेऊन बसलो.
दगड निघाला. खाली गांडुळं, बाकी काही नाही.

पुरातत्त्वाच्या कारकुनानं तो अर्जुनाला लावून पाहिला,
पुन्तादेवाला, श्रीकांडीला.
कुठंच बसेना.
"ज्याचा आहे ते देऊळच पडून गेलंय,"
असं म्हणून त्यानं खडूनं आकडा घातला,
सुट्या दगडांच्या रांगेत जागा दिली,
आणि मला पावती.

लारासनं पावती उलटसुलट पाहिली
आणि मान पुढे केली.
जटा पांढऱ्या फडक्यात बांधून ओढ्याला दिल्या.
केस आता सरळ आहेत, शाळेत कुणी ओढत नाही.

न्हाणीच्या दाराशी खड्डा आहे.
सिमेंट आणायचं राहून जातं.
रोज पहाटे अंधारात पाय टाकतो,
तो वीतभर खाली जातो,
आणि तेवढ्या वेळापुरता
मीही कशातून तरी निखळलेला.