चारशे बारा

मध्यरात्रीनंतर एकच आज्ञा सोडली
एकदम चारशे बारा सर्व्हरांना:
नवं कुलूप लावा, लावलंत की कळवा.
ओउलूच्या या खोलीत रेडिएटर कुरकुरत होता,
राईच्या पावावरचं लोणी थिजलं होतं,
आणि पडद्यावर हिरव्या ओळी चढत गेल्या:
झालं, झालं, आधीच झालेलं, झालं.
चारशे अकरा.

एक गप्प.

गप्प बसण्यातही जाती असतात.
मेलेलं यंत्र हाकेला ओ देत नाही.
हे देत होतं, दर वेळी, बत्तीस मिलिसेकंदांत.
म्हणजे दार होतं, दारामागे कुणी होतं,
फक्त माझी ओळख त्याला पटत नव्हती.

फायरवॉल पाहिली. नाव पाहिलं, पत्ता पाहिला.
डिस्क तुडुंब भरली असेल म्हणून तासभर घालवला,
कारण मागच्या खेपेला तेच निघालं होतं.
तीन वाजता केंद्राच्या लॉगमध्ये, खूप खाली,
एक ओळ सापडली:
प्रमाणपत्राची मुदत अजून सुरू झालेली नाही.
संपलेली नाही, असं नव्हे.
सुरूच झालेली नाही.

उत्सयोकीच्या आरोग्यकेंद्रात फोन लावला.
रात्रपाळीला बिरेत होती.
औषधांच्या कपाटामागे राखाडी पेटी आहे, तिला मॉनिटर जोड.
जोडला.
तारीख काय म्हणते?
तिकडे थोडा वेळ काहीच नाही, मग हसू.
"एक जानेवारी, दोन हजार बारा.
राइली, माझं तर लग्नही व्हायचंय अजून!"

शनिवारच्या वादळात वीज गेली होती,
आणि आतली नाण्याएवढी बॅटरी
कधी संपली ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
घड्याळ चार-दोन मिनिटं चुकलं
तर यंत्र स्वतःच सावरून घेतं,
हळूहळू, कुणाला कळू न देता.
तेरा वर्षं मात्र गिळवत नाहीत.
त्याला वाटतं, जगच चुकलंय.

दूरून काही होण्यासारखं नव्हतं.
मोहोरबंद लिफाफा बिरेतने फोडला,
पासवर्ड टंकला, आणि वाचू लागली:
"शेवटचा प्रवेश. पेन्ती. चौदा मार्च, दोन हजार एकोणीस."

पेन्ती.
ही पेटी स्वतःच्या गाडीत घालून
सहाशे किलोमीटर वर नेणारा,
तिच्यावर चिठ्ठी डकवणारा: हात लावू नका, विचारा.
त्याच वर्षी जूनमध्ये गेला.
त्या पेटीच्या हिशेबाने
तो अजून यायचा होता.
सात वर्षांनी, मार्चच्या बर्फातून,
थर्मास काखेत मारून.

"पुढे काय करू?" बिरेतने विचारलं.
कमांड मला तोंडपाठ होती.
तरी सांगायला जरा वेळ घेतला.
मग एकेक अक्षर सांगितलं,
डॅश, मोकळी जागा, अवतरणचिन्ह, साल,
महिना, दिवस, तास.
"एंटर?"
"...एंटर."

चारशे बारावी ओळ हिरवी झाली.
तिकिटात लिहिलं: कारण बॅटरी, उपाय वेळ लावली.

"इथे सूर्य आता जानेवारीतच," बिरेत म्हणाली,
"पण तारीख तरी बरोबर आहे."
म्हटलं, सकाळी नीलास दुकानात गेला
की तसल्या दोन बॅटऱ्या आणायला सांग.
"एकच लागेल ना?"
हो, एकच लागेल.
दोन आणायला सांग.