टंच

बकनळी आणि बिडी
दोघींची जागा एकच होती माझ्या तोंडात,
उजवीकडं, सुळ्याच्या मागं.
एक निघाली की दुसरी आत.
हुपरीच्या आमच्या बोळात पंचवीस वर्षं हाच कारभार:
फुंकून ज्योत वाकवायची, पैंजणाची कडी डागायची,
मग धूर ओढून
स्वतःलाच जरा डाग द्यायचा.

एक दिवस ज्योत थरथरली.
श्वास होता, हात ठाम होता, टाकणखार बरोबर पडला होता.
सुळाच हलला होता.
त्यानं नळी धरली नाही
आणि डाग कडी सोडून शेजारच्या घुंगरात वाहिला.
बाळगोंडा म्हणाला, "म्हातारा झालास की रं."
सत्तेचाळीसचा होतो.

दुखत काहीच नव्हतं.
ब्रशला कधी रक्ताचा थेंब नाही, असं मी छाती फुगवून सांगितलं
कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या मगदूमबाईंना.
त्या म्हणाल्या, "धुरानं रक्ताच्या वाटा आवळल्यात तुमच्या.
हिरड्या आतून सडतात, बोंब मारत नाहीत."
रोज चिमूटभर कीस पळवणारा एक कारागीर होता आमच्याकडं.
तोही असाच. गप्प. वेळेवर येणारा.

मग त्यांनी गाल ओढून धरला, आरसा माझ्या हातात दिला.
आत एक पांढरा चट्टा,
खरवडून न निघणारा.
जन्मभर पांढऱ्यासाठीच झिजलो मी.
चिंचेच्या पाण्यात उकळायचं, रिठ्यानं घासायचं,
काळ्यातनं पांढरं काढायचं, त्यावर घर चालवायचं.
हे पांढरं बघितलं आणि
खुर्चीतल्या खुर्चीत पाय गार पडले.

"छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू," बाई म्हणाल्या.
म्हणलं, पाठवा. हे मला कळतं.
आम्हीबी लगडीचा कोपरा छिलून टंच काढतो.
कागदावर आकडा येईस्तोवर
चांदी चांदी नसती.

नऊ दिवस लागले कागद यायला.
त्या नऊ दिवसांत ओढली का?
ओढली. चौथ्या दिवशी, भट्टीच्या मागं,
शाळकरी पोरागत, ओंजळीत लपवून.

कागद आला. कॅन्सर नाही.
"पण रस्ता तिकडचाच आहे," बाई म्हणाल्या,
"तुम्ही अजून फाट्यावर उभे आहात."
सुळा काढून त्यांनी कापसात गुंडाळून दिला.
एसटीत मी तो मुठीत धरून बसलो,
वजन करायची सवय, म्हणून अंदाज घेत.

बंडल फेकलं, जाळलं, असलं काही केलं नाही.
सात बिड्या उरल्या होत्या, त्या खिशातच घामानं मऊ झाल्या.
हात मात्र कानामागं जायचा, दिवसातनं चाळीसदा,
आणि रिकामा परत यायचा.
लवंगा चघळल्या. पोरावर विनाकारण ओरडलो.
तिसऱ्या आठवड्यात ब्रशला रक्त लागलं
तसा तरातरा बाईंकडं गेलो: सोडली तर हे असं?
त्या हसल्या. "पोचतंय आता रक्त तिथपर्यंत.
घासत राहा. थांबेल."
थांबलं.

एका रात्री ताटावर मी म्हणालो, आज मीठ जास्त झालंय.
आक्काताईनं भाकरी तव्यावरच सोडली, माझ्याकडं बघितलं.
"लग्न झाल्यापासनं एवढंच घालतीया.
वरनं घ्यायचासा तुम्ही."
काय बोलणार. जेवलो.
मेथी कडू असती हे विसरलो होतो.

चट्टा आहे अजून, पहिल्यापेक्षा फिका.
दर तीन महिन्यांनी गाल ओढून दाखवून येतो.
नळी आता डावीकडं धरतो.
उजवीकडच्या फटीतनं वारा निसटतो,
ज्योत जरा तिरकी जाते,
कडी तिच्याकडं वळवून घ्यायची, एवढंच.

परवा सुट्टी होताना बाळगोंडानं
कानावरची बिडी काढली, दोन बोटांत फिरवली,
न पेटवता परत कानावर ठेवली.
आणि ऐरणीकडं बघत, मला नाही, ऐरणीला विचारल्यागत:
"त्या मगदूमबाई
सोमवारी असत्यात का रं?"