नमुना सतरा

हिंगण्याच्या शेडमध्ये मे महिन्यात
पंखा फक्त गरम हवा वाटतो.
खिडकीत ठेवलेला नमुना सोळा फाटला,
तेल वर, पाणी खाली,
भांडून वेगवेगळ्या खोल्यांत झोपल्यासारखं.

उमाठे साहेबांचा फोन :
"मॅडम, डबीवर लिहायचंय, केमिकल-फ्री."
म्हटलं, मग आधी पाणी काढावं लागेल,
एकाहत्तर टक्के तेच आहे.
ते हसले नाहीत.
"अन् संत्रं दिसलं पाहिजे जी, नागपूरचा माल आहे."

संत्रं आहे. शंभर किलोत दहा ग्रॅम.
चित्रात मात्र अख्खी बाग लागली.

प्रिझर्वेटिव्ह नको,
पण दोन वर्षं टिकलं पाहिजे.
"गोरेपणा" खोडला, "उजळ" आलं,
मग "तेज",
मग नुसतंच एक हसणारं तोंड.

सतरा जमला तेव्हा रात्रीचे अकरा.
मेण थोडं वाढवलं, ढवळायची घाई केली नाही.
पंचेचाळीस अंशांत बारा दिवस
न फाटता उभा राहिला.

बीकर घासणाऱ्या वच्छलाबाई गोटमारेंनी
बुडाशी उरलेलं खरवडून टाचांना लावलं.
आठवड्यानं म्हणाल्या,
"काल चादरीत पाय अटकला नाही, बाप्पा."

मी ते वाक्य वहीत लिहिलं, तारीख टाकून.
एवढ्या वर्षांत
पुराव्यासकट मिळालेला हा एकच दावा.

उमाठेंना पाठवला.
उत्तर आलं :
छान आहे, पण टाच कशी छापू
चेहऱ्याच्या क्रीमवर?
अन् सुगंध जरा वाढवा.