कॅनडा कॉर्नर

कॅमेरा ब्रॅम्प्टनहून आला
पुतण्याच्या बॅगेत, दोन स्वेटरांच्या मध्ये.
इथल्यापेक्षा अठरा हजारांनी स्वस्त,
असं तो तीनदा म्हणाला.
चार्जरची पिन आमच्या भिंतीला बसेना,
म्हणून शालिमारहून ॲडाप्टर आणला साठ रुपयांचा.
तेवढाच काय तो परकेपणा, असं वाटलं तेव्हा.

पाच महिने चालला.
मग नांदूर-मधमेश्वरला एका सकाळी
धुकं नुकतं उठत होतं, थापट्यांचा थवा
पाण्याला पोट घासत उतरत होता,
आणि लेन्स बाहेर आली, कुरकुरली, आत जाईना.
बोलता बोलता शब्द विसरलेल्या माणसाचं
तोंड उघडं राहावं, तशी.

सर्व्हिस सेंटर कॅनडा कॉर्नरला.
काउंटरवरच्या मुलीच्या बिल्ल्यावर शाल्मली निरगुडे.
तिने पोटावरचा नंबर टाइप केला, थांबली,
मग रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाली,
"काका, हा कॅनडाचा पीस आहे.
याची वॉरंटी फक्त कॅनडात चालते."

मी म्हटलं, पोरी, मग आपण उभे कुठे आहोत?

ती हसली. मागे नंबर लावून बसलेला एकजणही हसला.
मग तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली.
तिथे कोणी हसत नव्हतं.
पैसे भरून करतो म्हटलं,
तर सुटा भाग इथल्या यादीत नाही,
आणि या मॉडेलचं इथलं नावच वेगळं.

मी तेहतीस वर्षं नाशिकरोडला प्रेसमध्ये होतो.
पासपोर्ट. तपासणी.
छत्तीस पानं, पाठीची शिवण,
आणि नंबराची भोकं पानोपानी आरपार जुळतात का
ते दिव्यासमोर धरून बघायचं.
एक भोक सरकलं की पुस्तिका बाद.
किती माणसं या अंगठ्याखालून परदेशी गेली
ते कधी मोजलं नाही.
पुतण्याही त्यातलाच असेल.
माझा स्वतःचा काढला रिटायर झाल्यावर,
कोराच आहे, कपाटात, लाइटबिलांखाली.

पण वस्तू येते सुखानं.
कस्टमवाला बॅगेकडे बघून जांभई देतो.
तिच्या पाठीशी उभं राहायचं कोणी
ते मात्र तिकडेच राहून जातं.
कुमुद म्हणाली, "लांब दिलेल्या लेकीसारखं झालं हे.
दुखलं-खुपलं तर निरोप न्यायलाही कोणी नाही."

पुतण्याला फोन लावला. त्याच्याकडे मध्यरात्र.
"पाठवून दे काका, इथे फुकट होईल."
कुरिअरवाल्यानं काट्यावर ठेवला:
सात हजार आठशे, आणि बॅटरी चालणार नाही.
फुकट म्हणजे एवढं.

शेवटी एम. जी. रोड. मोबाइलच्या कव्हरांमागून
एक लोखंडी जिना, वर तन्वीर अत्तार,
डोळ्याला भिंग, कानामागे चिमटा.
ब्रॅम्प्टनचं बिल दाखवायला काढलं तर म्हणाला,
"ठेवा खिशात. ते वाचून कॅमेरा चालतो का?"
आठ बारीक स्क्रू चहाच्या बशीत ओळीनं,
आणि मग आतून एक कण,
पांढऱ्या कागदावर ठेवून माझ्याकडे सरकवला.
वाळू.
गोदावरीची, मी म्हटलं.
"मग? कॅनडात सापडली असती का त्यांना?"

साडेसहाशे झाले.
गॅरंटी किती, मी सवयीनं विचारलं.
त्याने भिंग कपाळावर ढकललं.
"या खुर्चीत मी दिसतोय तोवर."
कागद काही दिला नाही.

घरी येताना कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला रिक्षा थांबली.
सर्व्हिस सेंटरचं शटर अर्धं खाली.
मी कॅमेरा काढला,
लेन्स बाहेर काढली, आत घेतली,
परत बाहेर.
रिक्षावाला आरशातून बघत होता.
फोटो कशाचाच काढला नाही.